सस्तन कोणास म्हणावे?

"सस्तन प्राणी म्हणजे कोण?" असा प्रश्न वर्गात विचारला, तर पहिले उत्तर बहुधा असे येते, "ज्याला चार पाय असतात तो." उत्तर अगदीच टाकाऊ नाही. गाय, म्हैस, शेळी, कुत्रा, मांजर ही सगळी त्यात बसतात. पण मग भिंतीवरच्या पालीलाही चार पाय आहेत. विहिरीतला बेडूक, कयाधूच्या डोहातले कासव, कुंपणावर मान हलवीत बसलेला सरडा, हे सारे चार पायांचेच. आणि ज्या मुलाने हे उत्तर दिले तो स्वतः दोन पायांवर उभा आहे, त्याचे काय करावयाचे?

मग मागच्या बाकावरून दुसरा सांगतो, "जो अंडी घालीत नाही, पिले घालतो तो." हेही बरेच जवळचे आहे, पण पुरते खरे नाही. आपल्या रानात घोणस असते. ती अंडी घालीत नाही. तिच्या पोटातून जिवंत पिलेच बाहेर येतात, आणि तीही एकेका वेळी वीस-वीस, तीस-तीस. विंचवाची मादीही पिले घालते आणि त्यांना पाठीवर घेऊन हिंडते. आता घोणशीला आणि विंचवाला गाईच्या पंगतीला बसवावयाचे की काय?

खरी खूण शब्दातच सांगितलेली आहे. मी मराठी शिकविणारा माणूस. प्राणिशास्त्र हा माझा विषय नव्हे, पण शब्द उलगडून पाहण्याची सवय हाडीमाशी भिनलेली. 'स' म्हणजे सहित. स्तनासहित तो सस्तन. जी मादी आपल्या अंगातल्या ग्रंथींतून दूध काढून पिलाला पाजते ती सस्तन, तिचा नर सस्तन आणि तिची पिलेही सस्तन. एखादे चुणचुणीत पोर विचारते, "गुरुजी, मग बोका सस्तन कसा? तो कुठे दूध देतो?" त्याला सांगावे की बहुतेक नरांच्या अंगावरही त्या जागेच्या खुणा असतात, आपल्या छातीवर आहेत तशा, फक्त त्या कामाला येत नाहीत. जात ठरते ती कुळावरून.

नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते, आणि ते आपल्या हिंगोली जिल्ह्यात आहे. त्यांच्या नावावरचा एक अभंग घरोघरी म्हटला जातो. त्यात ते पांडुरंगाला माउली म्हणतात, गाउली म्हणतात, हरिणी म्हणतात, पक्षिणीही म्हणतात. पण नीट ऐका. तान्हे होतात, वासरू होतात, तेव्हा ते पान्हा मागतात. पक्षिणीचे पिलू होतात तेव्हा मात्र चारा मागतात. सातशे वर्षांमागच्या माणसाने उपमा देताना जो भेद पाळला, तोच पुढे प्राणिशास्त्राने वर्गीकरणाचा पाया केला. पक्षीण पिलाचे अन्न बाहेरून शोधून आणते, गाय ते आपल्या अंगात तयार करते.

हा पाया शास्त्रात आला तो 1758 साली. स्वीडनमध्ये कार्ल लिनियस नावाचा वैद्य आणि निसर्गशास्त्रज्ञ होऊन गेला. त्याने सगळ्या प्राण्यांची आणि वनस्पतींची गणगोत लावावयास घेतली. आरंभी, 1735 सालच्या पुस्तकात, त्यानेही आपल्या त्या पहिल्या विद्यार्थ्याप्रमाणे 'चतुष्पाद' असाच वर्ग केला होता, आणि देवमासा माशांत टाकला होता. त्याच ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत, म्हणजे 1758 मध्ये, त्याने चतुष्पाद हे नाव काढून टाकले आणि स्तनांवरून नवे नाव दिले. देवमासा माशांतून उचलून गाई-माणसांच्या वर्गात आणला. हा मनुष्य डॉक्टर होता आणि आईने आपले मूल आपणच पाजावे, दाईकडे देऊ नये, असा त्याचा कटाक्ष होता. त्यावर त्याने 1752 साली एक निबंधही लिहिला होता. एक गंमत सांगतो. छातीवर दोन स्तन म्हणून त्याने वटवाघळाला माणूस आणि माकड यांच्याच गणात बसविले होते! आज वटवाघळांचा गण वेगळा मानतात.

आता दूध म्हणजे काय ते पाहू. दुधाच्या ग्रंथी मुळात कातडीच्याच ग्रंथी, घामाच्या ग्रंथींच्या भाऊबंद. गाईच्या कासेत रक्त येते, त्यातून पाणी, साखरेचा अंश, चरबी आणि प्रथिनांचा कच्चा माल घेऊन कासेतल्या बारीक पेशी दूध बनवितात. एक लिटर दूध होण्यासाठी सुमारे चारशे ते पाचशे लिटर रक्त कासेतून फिरावे लागते. दुभत्या जनावराला पाणी भरपूर का पाजावयाचे, हे यावरून कळेल.

पण कासेत दूध तयार असले म्हणजे ते सडात येते असे नाही. वासरू ढुशी देते, सड तोंडात धरते, त्याची जाणीव मज्जातंतूंवाटे गाईच्या मेंदूपर्यंत जाते. मेंदूखालच्या एका वाटाण्याएवढ्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचा रस रक्तात सुटतो. तो रक्तातून कासेत पोहोचला की दुधाच्या पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळल्या जातात आणि दूध खाली उतरते. यालाच आपण पान्हा फुटणे म्हणतो. हे सारे मिनिटा-दीड मिनिटात होते आणि त्याचा जोर पाचसात मिनिटे टिकतो. म्हणून जाणती बाई धार काढावयास बसली की मध्ये उठत नाही. गाय बिचकली, कुत्रे अंगावर धावून आले, नवख्या माणसाने काठी उगारली, की भीतीचा रस रक्तात येतो आणि पान्हा आटतो. गाय 'पान्हा चोरते' असे आपण म्हणतो. ती बिचारी चोरीत नाही, तिच्या हातात ते नसतेच. पारडू मेले की म्हैस दूध देईना, म्हणून त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभे करण्याची जुनी रीत आहे. दिसावयास ते बरे दिसत नाही, पण त्यामागचे कारण हेच. याच रसाचे इंजेक्शन रोज टोचून दूध काढणारे लोकही आहेत. जनावराच्या प्रकृतीला घातक ठरणारे पदार्थ दुधासाठी टोचणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हे ठाऊक असू द्यावे.

दूध देणे ही अर्धी गोष्ट झाली, ते पिता येणे ही दुसरी अर्धी. चोखावयास मऊ, हालते ओठ लागतात, गाल लागतात, तोंड बंद करून आत पोकळी निर्माण करावी लागते आणि त्याच वेळी नाकाने श्वास चालू ठेवावा लागतो. तान्हे मूल पाहा, वासरू पाहा, ही सगळी सामग्री घेऊनच ते जन्माला येतात. सापाजवळ यातले काही नाही. धामण रात्री गाईच्या मागल्या पायांना विळखा घालते आणि दूध पिऊन जाते, ही गोष्ट आपल्याकडे गावोगाव सांगतात. अहो, तिच्या तोंडात मागे वळलेल्या सुयांसारख्या दातांच्या ओळी आहेत. त्या सडाला लागल्यावर गाय उभी तरी राहील काय? सकाळी गाईने दूध दिले नाही तर कारण गोठ्यात शोधावे: कासदाह असेल, चारा कमी पडला असेल, वासरू सुटून पिऊन गेले असेल. धामणीला मारून दूध वाढत नाही, उंदीर मात्र वाढतात. नागपंचमीच्या दुधाचेही तसेच. तहानलेला साप पुढे येईल ते पातळ पितो, पण दूध हे त्याचे अन्न नव्हे, त्याला ते पचत नाही.

पारव्याचे एक वेगळे आहे. पारव्याचे नर-मादी दोघेही गळ्याजवळच्या पिशवीतून पिवळसर दह्यासारखा पदार्थ काढून पिलांना भरवितात, आणि त्याला 'पारव्याचे दूध' असे म्हणतातही. पण ते स्तनातून येत नाही, पिशवीच्या अस्तराचे थर सुटून ते बनते. तेव्हा पारवा पक्षीच राहतो.

आता जरा थांबून चिकाविषयी बोलतो, कारण या साऱ्या विषयात माणसाच्या हातून जे नुकसान होते ते इथे होते.

गाय, म्हैस, शेळी व्याली की पहिले दोनतीन दिवस जे दाट, पिवळसर दूध येते तो चीक. त्याचा खरवस सर्वांना प्रिय, मलाही. पण हा चीक निसर्गाने कोणासाठी ठेवला आहे? माणसाचे मूल आईच्या पोटात असतानाच, वारेतून, आईच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्ये बरीचशी मिळवून येते. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांची वार वेगळ्या बांधणीची आहे. तिच्यातून ही द्रव्ये पलीकडे जात नाहीत. म्हणजे वासरू जन्मते तेव्हा रोगाशी लढण्याचे हत्यार त्याच्याजवळ जवळजवळ नसतेच. ते हत्यार त्याला चिकातून मिळते. आणि तेही केव्हा? वासराच्या आतड्याला ही द्रव्ये अखंड, न पचविता, रक्तात शोषून घेण्याची शक्ती जन्मानंतर थोडे तासच असते. पहिल्या सहा तासांत ती सर्वांत जास्त, मग उतरत जाते आणि चोवीस तासांच्या सुमारास ते दार बंद होते. त्यानंतर बादलीभर चीक पाजला तरी त्याचा दुधाइतकाच उपयोग.

आपल्याकडे मात्र पुष्कळ घरांत अशी समजूत आहे की वार पडल्याशिवाय वासराला पाजू नये. कुणी त्याला जार म्हणतात. वार पडावयास सहा, आठ, कधी बारा तास लागतात. तोवर वासरू बांधून ठेवतात. ते ओरडते, गाय हंबरते, आणि दार हळूहळू बंद होत असते. मग आठव्या-दहाव्या दिवशी वासराला हगवण लागते, ते मान टाकते, आणि आपण म्हणतो दृष्ट लागली. लाल कंधारीची कालवड असो की मराठवाडी म्हशीचे पारडू, हिशेब एकच. जन्मल्यावर अर्ध्या ते एक तासाच्या आत पहिला चीक पोटात गेलाच पाहिजे. दिवसभरात मिळून वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे वीस किलोच्या वासराला सुमारे दोन लिटर, तो दोनतीनदा विभागून द्यावा. वासरू उठत नसेल तर पिळून, बाटलीने पाजावा. आणि मौज अशी की वासरू सडाला लागले की पान्हा फोडणारा तोच ऑक्सिटोसिन रस गर्भाशयालाही आवळतो, त्यामुळे वार पडावयास मदतच होते. ज्यासाठी थांबायचे म्हणता ते थांबल्याने लांबते! बारा तास उलटूनही वार पडली नाही तर हाताने ओढू नये, जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावे. वासराचे पोट भरले की उरलेल्या चिकाचा खरवस खुशाल करावा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा चीक त्याला चांगला.

उस्मानाबादी शेळीला जुळी करडे पुष्कळदा होतात, कधी तिळी. शेळीला सड दोनच. तिसरे करडू ढकलले जाते, आणि तेच सर्वांत अशक्त असते. त्याला हाताने धरून पाजणे हे काम घरातल्या मुलांना द्यावे. मुले ते आनंदाने करतात आणि सस्तन म्हणजे काय हे आपसूक शिकतात.

बाळंतिणीविषयीही हेच बोलणे आले. आईचे पहिले पिवळे दूध 'जड' म्हणून पिळून टाकावयाचे आणि बाळाला मध किंवा साखरपाणी चाटवावयाचे, ही रीत अजून काही घरांत आहे. माणसाच्या बाळाला रक्तातली द्रव्ये वारेतून मिळालेली असली, तरी त्याच्या कोवळ्या आतड्याला आतून लेप देऊन जंतूंपासून वाचविणारे द्रव्य या पहिल्या दुधात असते. जन्मल्यावर तासाभरात बाळ अंगावर घ्यावे, सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा देऊ नये, आणि वर्षाच्या आत मध मुळीच चाटवू नये, असे डॉक्टर सांगतात. एस.टी.च्या स्थानकांवर 'हिरकणी कक्ष' अशी पाटी तुम्ही वाचली असेल. रायगडाचा कडा उतरून तान्ह्याकडे गेलेल्या गवळणीचे नाव त्या खोलीला दिले आहे, ते योग्यच झाले. सासूबाईंनी सुनेला तिथे निर्धास्त बसू द्यावे.

दुसरी खूण केसांची. सस्तनांच्या अंगावर, आयुष्यात कधी ना कधी, थोडे तरी केस असतातच. खवले नव्हेत, पिसे नव्हेत, केस. साळिंदराचे काटे म्हणजे जाड झालेले केसच होत. खवल्या मांजराच्या पाठीवर खवले दिसतात म्हणून ते सरड्याच्या जातीचे, असे पुष्कळांना वाटते. पण ते खवले आपल्या नखांच्या द्रव्याचेच बनलेले, पोटाखाली विरळ केस, आणि छातीजवळ दोन स्तन. केसांचे काम ऊब धरून ठेवणे. सस्तनांचे रक्त बाहेरच्या हवेप्रमाणे तापत-निवत नाही. पौषातल्या पहाटे सरडा दगडासारखा गार पडतो, गाय मात्र पहाटेही साडेअडतीस अंशांवर आणि वैशाखाच्या दुपारीही जवळजवळ तितकीच. पक्षीही असेच उष्ण रक्ताचे, म्हणून ही खूण एकट्या सस्तनांची नव्हे. आपली म्हैस मात्र या बाबतीत थोडी लंगडी आहे. तिचे केस विरळ, कातडी काळी, आणि घामाच्या ग्रंथी गाईच्या मानाने फारच थोड्या. ऊन तिला सोसत नाही, म्हणून ती डबक्यात बसते. तिला आळशी म्हणू नये. डबके आटले की दुपारी तिच्या अंगावर पाणी मारावे.

दातांची गोष्ट तर तुम्ही मला शिकवावी. बैलबाजारात गोऱ्ह्याचा ओठ वर करून तुम्ही क्षणात सांगता, हा आदत, हा दोन दाती, हा चार दाती, हा जुळलेला. गाई-बैलांना वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच, तिथे नुसती टणक गादी असते. खाली आठ. दुधाचे दात पडून पक्की जोडी साधारण दोन वर्षांनी येते आणि चार-पाच वर्षांत आठही दात पुरे होतात. पण आयुष्यात दात दोनदाच का यावेत? मगरीचे, सरड्याचे दात पडत राहतात आणि पुन्हा येत राहतात. याचे उत्तरही दुधातच आहे. सस्तनाचे पिलू आरंभी दुधावर जगते, त्या काळात त्याला दातांची फारशी गरज नसते आणि तेवढ्यात त्याचा जबडा वाढून घेतो. मग एक लहान संच आणि एक कायमचा, एवढ्यात भागते. दात कायमचे म्हणून वरची दाढ खालच्या दाढेवर नेमकी बसते, आणि नेमकी बसते म्हणून कडब्यासारखा चिवट चारा दळता येतो. 'दुधाचे दात' हा शब्द ज्याने काढला त्याला नकळत केवढे मोठे शास्त्र सापडले होते!

हाडांतही खुणा आहेत, त्या थोडक्यात सांगतो. कानाच्या आत तीन बारीक हाडे, खालच्या जबड्याच्या प्रत्येक बाजूला एकच हाड, आणि मानेत सात मणके. उंदराला सात, तुम्हाआम्हाला सात, उंटाला सात आणि जिराफालाही सातच. अपवाद आहेत, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आता वटवाघूळ. गावाबाहेरच्या वडा-पिंपळावर उलटी लटकलेली ही मंडळी आपल्याला अशुभ वाटतात. घरात शिरले तर कोणी मरणार म्हणतात, झाडाखाली फटाके लावून त्यांना हुसकतात. गुरुजींनी एवढेच करावे. मुलांना आपला पंजा पसरावयास सांगावे आणि म्हणावे, बोटे हातभर लांब करा आणि मध्ये पातळ कातडे ताणा, झाला वटवाघळाचा पंख. त्यात पीस एकही नाही, अंगावर लव आहे, छातीशी दोन स्तन आहेत. मादीला वर्षाकाठी बहुधा एकच पिलू होते. ते कोवळे असताना आईच्या छातीला घट्ट धरून तिच्याबरोबर उडते. म्हणजे एका झाडावरचे थवे मारले तर ते भरून यावयास पिढ्या लागतात. जगात सस्तनांच्या साडेसहा हजारांच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या चौदाशेहून जास्त एकट्या वटवाघळांच्या. मोठी, फळे खाणारी वटवाघळे बिया दूरवर टाकतात, फुलांचे परागीकरण करतात. लहान जाती रात्रभर हवेतले किडे टिपतात, एका रात्रीत आपल्या वजनाच्या निम्म्याइतकेसुद्धा. कापसावर आणि सोयाबीनवर अंडी घालावयास निघालेले पतंग त्यांतच आले. एक सावधगिरी मात्र पाळावी. वटवाघळाने अर्धवट खाल्लेले फळ पोरांनी उचलून खाऊ नये, आणि खाली पडलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने धरू नये.

समुद्रात देवमासा आहे. नाव माशाचे, पण श्वास फुप्फुसांनी. मासा शेपूट डावीउजवीकडे हालवितो, देवमासा आणि डॉल्फिन वरखाली. आमच्या येलदरीच्या धरणातला रोहू आणि कोकणच्या किनाऱ्यावरचा डॉल्फिन शेजारी ठेवले तर शेपटीवरूनच भेद कळावा. देवमाशिणीच्या दुधात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक चरबीच असते. म्हशीच्या दुधात शेकडा सात-आठ असली तर डेअरीवाला खूष होतो! नील देवमाशाचे पिलू त्या दुधावर दिवसाला सुमारे नव्वद किलो वाढते.

आणि अंडी घालणारे सस्तनही आहेत. ऑस्ट्रेलियात बदकासारख्या चोचीचा, केसाळ अंगाचा प्लॅटिपस नावाचा प्राणी राहतो. त्याचे कातडे लंडनला पोहोचले तेव्हा, 1799 साली, त्याचे वर्णन करणाऱ्या जॉर्ज शॉ यांना कोणी बदकाची चोच शिवून थट्टा केली की काय अशी शंका आली. तो अंडी घालतो हे 1884 साली विल्यम कॉल्डवेल यांनी पक्के केले. त्याच्या मादीला सड नाहीत. दूध पोटाच्या कातडीतून पाझरते आणि पिले ते चाटून पितात. म्हणजे पाहा, अंडी घालूनही तो सस्तन, आणि पिले घालूनही घोणस सस्तन नाही. दूध पाजते ती सस्तन, ही खूण इतकी पक्की आहे.

शेवटी एक कामाचे सांगतो. वसमत, कळमनुरीकडे ऊसतोड सुरू झाली की फडात रानमांजराची पिले सापडतात, कापणीच्या वेळी गवतात सशाची पिले सापडतात. आई जवळ दिसत नाही, तेव्हा पोरे दया येऊन ती घरी आणतात आणि गाईचे दूध पाजतात. ती बहुधा मरतात. प्रत्येक जातीचे दूध तिच्या पिलाच्या मापाचे असते. मांजराच्या पिलाला गाईचे दूध पातळ पडते, त्यातली साखर बाधते, पोट बिघडते. आणि आई पळून गेलेली नसते. ससाणी दिवसातून एकदोनदाच पिलाकडे येऊन पाजते, एरवी मुद्दाम दूर राहते, कोल्ह्या-लांडग्याला माग लागू नये म्हणून. रानमांजर माणसांची पांगापांग होण्याची वाट पाहत शेजारच्या फडात बसलेले असते. तेव्हा पिले सापडली तर तेवढा पट्टा त्या दिवशी तोडावयाचा सोडावा, पिलांना हात लावू नये, कुत्री बांधून ठेवावीत आणि माणसे लांब न्यावीत. दोन रात्री उलटूनही पिले तिथेच दिसली, तर वनखात्याच्या जवळच्या कचेरीत कळवावे.